तंगड्या पसरलेलं गाव

राजाने आडगावच्या चावडीवर घरटी वर्षभराचं धान्य जाहीर केलं, तसे कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारे दिवाण त्र्यंबकराव उसळले. "महाराज, फुकट खायला मिळालं की ही माणसं तंगड्या पसरून झोपतील!"

म्हातारी सगुणा पाटलीण पुढे झाली. तिने दोघांना देवळापुढे नेलं. तिथली दगडी दीपमाळ पायापासून शेंड्यापर्यंत कोरलेली होती. वेलीवरची पाखरं आता उडतील अशी. दिवाणांची मान वर गेली, ती खाली येईना.

"कुणाच्या हुकमाने घडवली? मजुरी किती पडली?" त्यांनी हळूच विचारलं.

"हुकूम कसला अन् मजुरी कसली! सुगी सरून कणग्या भरल्या, की दरसाल आमचं गाव असंच तंगड्या पसरून झोपतं, दिवाणजी."

दिवाणांनी किल्ल्या महाराजांपुढे धरल्या. नजर मात्र पाखरांवरच होती.