परटिणीची दोरी

एका नदीच्या वळणावर एक परटीण राहत होती. मोठी तोऱ्याची! म्हणायची, "माझ्या हातून निघणार नाही असा डाग अजून जन्माला यायचाय."

त्या गावाच्या पाटलानं एकदा दवंडी पिटली, गावात वीजघर होणार. दगडी कोळसा जाळायचा, घरोघर दिवे लावायचे. पण चिमणी कुठल्या वेशीवर बांधायची?

वाऱ्याची खरी जाण परटिणीला. दोरीवरची धुणी कुठे फडफडतात हे बघण्यात तिचा जन्म गेलेला. पाटील चार माणसं घेऊन घाटावर आला.

"पूर्वेच्या वेशीवर बांधा," परटीण ठसक्यात म्हणाली. "आठ-नऊ महिने वारा तिकडंच पळतो. दिवे आपल्याला, धूर नदीपलीकडं पैलगावाला."

"अन् उरलेले महिने?"

"पडलंच काळं, तर मी आहे ना धुवायला!"

"पण पैलगावची माणसं..."

"तिकडं आपलं कोण आहे?"

सगळे खो-खो हसले. चिमणी उभी राहिली, दिवे लागले.

तीन वर्षांनी परटिणीच्या लेकीला पैलगावचंच स्थळ आलं. मुलगा गुणी, घर खातंपितं. वाजतगाजत लग्न झालं. एवढी वाऱ्याची जाणकार, पण लेकीची वरात कुठल्या दिशेला निघाली, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

बाळंतपण माहेरीच झालं. तीन महिन्यांचं गुटगुटीत बाळ घेऊन लेक सासरी गेली. दिवाळीला परत आली, तेव्हा गाठोड्यातली दुपटी राखेसारखी करडी.

"परटिणीची लेक ना तू? लाज आणलीस गं!" परटिणीनं दुपटं दगडावर आपटलं. पाणी काळं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदाही काळंच.

"राहू दे, आई. दोरीवर घातलं की तासाभरात तसंच होतं. चिमणीचा वारा येतो ना."

"मग पुन्हा धुवायचं! धुतल्यावर जात नाही असं..."

तेवढ्यात बाळ खोकलं. एवढासा जीव, अन् खोकला म्हाताऱ्याचा. खोकता खोकता ओठ निळे पडले.

"हे कुठल्या दगडावर धुऊ, आई?"

परटिणीच्या हातून दुपटं सुटलं. नदीनं ते वाहून नेलं तरी तिला कळलं नाही. तिकडं आपलं कोण आहे? तिचाच आवाज तिच्या कानात घुमत राहिला.

तशीच ओल्या पदरानं ती चावडीवर गेली. "विझवा ती चिमणी!"

"अगं, जागा तूच दाखवलीस की! अन् दिव्यांचं काय?"

"मीच दाखवली. म्हणून अंधार आधी माझ्या घरात करा. पाण्यावर दिवे चालवा, वाऱ्यावर चालवा. नाहीच जमलं तर पणत्या आहेत."

"हे बघ, धूर जातोय पैलगावाला, आपल्याला..."

पाटील बोलता बोलता थांबला. दिवाळी सरत आली होती, वारा फिरला होता. परटिणीनंच धुतलेल्या त्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर एक काळा कण येऊन बसला. मग दुसरा. चावडीलगतच्या घरातून त्याच्या नातवाचा खोकला ऐकू आला.

पाटलानं सवयीनं परटिणीकडं पाहिलं.

"हा नाही निघायचा, पाटील," ती म्हणाली.

तात्पर्य एवढंच: वेशी माणसांनी आखल्या, वाऱ्याला त्यांची खबर नाही. दुसऱ्याच्या दारात धूर सोडण्याआधी, तिथं आपलीच लेक नांदते आहे असं समजावं.