न उघडणारी खिडकी

गावाबाहेर नवे बंगले उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. अंड्यांवर आलेली एक चिमणी घरट्यासाठी जागा शोधत एका बंगल्याच्या खिडकीकडे झेपावली आणि काचेवर आदळली.

"ती उघडत नाही गं, नुसती शोभेची आहे," भिंतीवरची पाल म्हणाली.

"आणि हा सज्जा?"

"त्याला दारच ठेवलेलं नाही."

चिमणी थक्क झाली. "मग आत वारा कुठून येतो?"

"येतच नाही. भरदुपारी दिवे-पंखे लावून बसतात."

"आणि हे माणसांनी स्वतःसाठी बांधलं?" चिमणीला खरंच वाटेना.

शेवटी तिने समोरच्या आंब्याच्या ढोलीत घरटं केलं. उन्हाळ्यात एकदा वीज गेली, तेव्हा बंगल्यातलं अख्खं कुटुंब घामाघूम होऊन त्या आंब्याखाली येऊन बसलं.

चिमणी पिल्लांना म्हणाली, "हळू बोला रे. बिचाऱ्यांना घर नाही."