इसुब तेल्याला मारलेली हाक

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या आजोबांच्या आजोबांनीही जो काळ पाहिला नाही, त्या काळची ही गोष्ट. खाडीकाठच्या साळवखार गावात एलोजी नावाचा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, तेली राहत होता. शनिवारी तो घाण्याला बैल जुंपत नसे, म्हणून गाव त्याला शनवार तेली म्हणायचं. त्याला दोन मुलगे. थोरला हसाजी, धाकटा इसुबजी.

एलोजीने शेवटच्या घडीला आशीर्वादाचा उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवला. थोरल्याच्या वाट्याला डावा आला. तेव्हापासून इसुबजीच्या हाताला गुण आला, असं म्हणतात. त्याने काढलेलं तेल चोळलं की आखडलेले गुडघे सुटायचे, अंथरुणाला खिळलेली माणसं ओसरीवर येऊन बसायची. हसाजीही त्याच घाण्यावर तेल काढायचा, पण बायका भांडं मागे घ्यायच्या. "तुमचं भाजीला ठीक आहे हो, हसाजी. दुखण्याला इसुबचंच द्या." हसाजी वरून हसायचा आणि आतून जळायचा.

मग दारफाळणीचा सण आला. त्या दिवशी बेने इस्राएल माणसं सूर्य बुडताना घराचं दार लावून घेतात, आत कडक उपास धरतात, देवाची क्षमा मागतात. दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत कोणी दार वाजवलं तरी उघडायचं नाही. त्या दुपारी हसाजी धाकट्याला म्हणाला, "पलीकडच्या काठावर एक बाळंतीण कण्हतेय. तेल देऊन ये. तू आल्याशिवाय मी कडी लावणार नाही."

आभाळ गच्च भरलेलं होतं. अशा दिवशी वेळ कळायची ती परसातल्या दोडक्याच्या फुलांवरून. ती संध्याकाळी उमलतात. फुलं अजून मिटलेली होती, तरी हसाजीने कडी लावली.

इसुबजी धावत आला. त्याने दारावर थाप मारली.

"कोण रे ते?" आत आईने, रिबकाबाईने, विचारलं.

"शेजारच्यांचा रेडा अंग घासतोय," हसाजी म्हणाला. "इसुब पलीकडेच राहिला असेल. धरील तिथे उपास."

बाहेर इसुबजीने पुन्हा थाप मारली नाही. तो खाडीकडे वळला आणि परत आलाच नाही. होडी उलटली असेल, असं लोक म्हणाले.

पण पुढच्या दारफाळणीला ते दार लागेना. सुताराने रंधा मारला, शेवटी नवं दार बसवलं. तेही हातभर उघडंच राही. बैल लावून ओढलं तरी हललं नाही, असं म्हणतात. वर्षामागून वर्षं तेच. एका वर्षी रिबकाबाई उंबऱ्यात बसून म्हणाली, "हसा, रेडा काही तळहाताने थाप मारत नाही. विचारायचा धीर आजवर झाला नाही मला."

हसाजी तिच्या पायाशी बसला आणि सगळं बोलला.

"जा, शोध त्याला," ती म्हणाली.

हसाजी गावोगाव फिरला. नावाने कोणी ओळखेना. मग तो एवढंच विचारू लागला, "शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली आहे का कोणी?" डोंगराच्या पायथ्याला लोक हसले. "आहे की एक खुळा. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी शनिवारी बैलाशेजारी बसून गाणी म्हणतो."

इसुबजीच्या दाढीत पांढरे केस आले होते. भावाला पाहून त्याचीच मान खाली गेली. "दादा, मी उशीर केला रे. सूर्य बुडाला आणि देवाने दार लावलं. मग कुठल्या तोंडाने घरी यायचं?"

हसाजी त्याच्यासमोर जमिनीवर बसला. "दोडक्याची फुलं उमललीसुद्धा नव्हती, इसुब. कडी देवाने नाही लावली. मी लावली."

इसुबजीने एवढा मोठा श्वास सोडला की अंगणातले तीळ उडाले, असं म्हणतात.

"म्हणजे मी वेळेत होतो," तो म्हणाला. "वेळेत होतो मी, दादा."

रागवायचं त्याला नंतर सुचलं. "आणि आईला काय सांगितलंस?"

"रेडा आहे म्हणून."

"मी रेडा?" इसुबजी म्हणाला, आणि डोळे पुसत पुसत हसू लागला.

त्या वर्षीच्या दारफाळणीला रिबकाबाईने एका बोटाने दार लोटलं आणि ते लागलं. आत दोन्ही मुलगे होते.

साळवखारात अजूनही दारफाळणीला कडी लावण्याआधी घरातला थोरला अंगणात येतो आणि खाडीकडे तोंड करून हाक मारतो, "इसुब, ये रे. वेळेत आहेस." वाटेवर कोणी दिसलं तर थांबतात. आता बरीच घरं परदेशी गेली, दारांना कुलपं लागली. तिथे शेजारचे कोळी उभे राहतात आणि तीच हाक मारतात.