भाषण कुणाला ऐकवावं

कॉलेजचा बास्केटबॉल संघ घरच्याच मैदानावर सपाटून हरला, तसे संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब घोरतळे कडाडले, "असला मरगळलेला संघ उद्यापासून बंद." मग एकही सामना न चुकवणाऱ्या गोदाताई शेवड्यांकडे वळून म्हणाले, "तुम्हीच सांगा, कशी खेळली आपली पोरं?"

गोदाताईंनी सगळं पाहिलं होतं. उद्घाटनाला दादासाहेबांनी भर उन्हात तासभर भाषण ठोकलं. आपली पोरं रांगेत ताटकळली. पाहुण्या संघाची गाडी मात्र उशिरा, भाषण संपल्यावरच पोहोचली.

"खेळायच्या आधीच दमली होती, दादासाहेब. संघ राहू द्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या वेळी पाहुण्यांना लवकर बोलवा आणि भाषण फक्त त्यांनाच ऐकवा. सामना आपलाच."