उतारातला खांब

फार मागे सोमवती नगरात राजा धृतवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्याच्या कुळात जन्मला. त्याची बायको नदीचा उतार, म्हणजे उथळ पाण्याची वाट, पायी ओलांडताना बुडाली. तेव्हा त्याने नाव चालवणे सोडले, उतारात सागाचा खांब रोवला आणि त्यावर गेरूची रेघ ओढली. पाणी रेघेच्या वर असेल तर नदीत पाय घालायचा नाही, एवढाच तिचा अर्थ.

ज्यांनी रेघ पाळली ते वाचले. वाचलेल्यांनी खांबाला हात जोडले, पुढे फुले आली, नवस आले, शेंदूर आला. काठावर वस्ती झाली. वसुमती नावाची विधवा बोधिसत्त्वाला रोज पेज आणून देई आणि घटकाभर बोलत बसे. ती खांबाला देव म्हणे. तो देव नव्हे, हे त्याला ठाऊक होते. पण तिच्याआधी बारा वर्षे त्याच्याशी कोणी बोलले नव्हते. तो गप्प राहिला.

एका पावसाळ्यात वसुमतीचा भाऊ उतार ओलांडताना वाहून गेला. देव कोपला, असे लोक म्हणाले. तेव्हाही तो गप्पच राहिला.

इकडे वेठीला कंटाळलेली माणसे उतार ओलांडून शेजारच्या राज्यात पळत होती. राजाने अमात्य अरिमित्राला पाठवले. त्याने खांबाला साष्टांग नमस्कार घातला आणि म्हाताऱ्या झालेल्या बोधिसत्त्वाशेजारी बसला.

"बाबा, पहारेकरी झोपतो, देव झोपत नाही. राजमुद्रेवाचून उतरेल त्याला देव बुडवतो, एवढं तुम्ही सांगा. इथे मंदिर बांधू. माणसांत मराल."

बोधिसत्त्वाला मोह झाला. विचार करायला म्हणून तो खांबापाशी गेला आणि विळ्याने शेंदूर खरवडू लागला. थर चार बोटे जाड होता. रेघ सापडली, ती शेंदराच्या वरच्या कडेखाली हातभर. भक्तीने शेंदूर वर चढत गेला होता आणि लोक त्याच्या कडेलाच रेघ समजत होते; वसुमतीचा भाऊही तिच्यावर विसंबूनच पाण्यात उतरला होता.

त्याने वसुमतीला बोलावून रेघ दाखवली. देव कोपला नव्हता, हा खांब देवच नाही आणि आपण हे आधी सांगितले नाही, असे तो म्हणाला.

वसुमतीने रेघेवरून बोट फिरवले.

"देवानं नेला म्हणून मी सोसलं होतं, बाबा. आता कुणाच्या नावानं सोसू?"

ती पेजेचे भांडे उचलून गेली, ती परत आली नाही. बोधिसत्त्वाने नकार दिल्यावर अमात्याने नदीच्या वरच्या अंगाला दुसरा खांब रोवला, बोलणारा दुसरा म्हातारा शोधला. वस्ती तिकडे हलली. बोधिसत्त्व एकटाच मागे राहिला. पळून जाणारे लोक रेघेशी पाणी पाहून त्याच्या उताराने पार होत, घाईत असत, मागे वळून पाहत नसत.

भिक्षुसंघाला ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "माझ्या आसनाला नमस्कार करायला लावून स्वतःच्या आज्ञा चालवणारा भिक्षू सुदत्तक, तोच तेव्हाचा अमात्य. भिक्षुणी पद्मावती ही वसुमती. तो म्हातारा मी."

तेव्हा आपल्याला एकटे वाटले का, असे पद्मावतीने विचारले.

"मरेपर्यंत," शास्ते म्हणाले. "आणि जे उशिरा बोललो, तेही सत्यच होते की नुसते तुझा आधार काढून घेणे, ही शंकाही तोवर गेली नाही. तरी बोलायला हवे होते. सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता, म्हणतात ती हीच."