देवमाशिणीचं बारसं

एका राज्यात राजा होता, राणी होती, आणि दोघांना धाकात ठेवणारी राजाची थोरली बहीण मृणालवती होती. राजा तुंगसेनाला नवसासायासानं मुलगा झाला, आणि त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यानं नौकांवर नगारे चढवले आणि सारा किनारा दणाणून सोडला.

झालं! त्या दिवसापासून तान्हा राजपुत्र कुणाच्या हाकेला वळेना, आईला ओळखेना, दूध घेईना. बारशाला आत्यानं कानात नाव सांगायला तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. वैद्य आले, मांत्रिक आले, आणि दक्षिणा न मागताच परत गेले. तेव्हा राणी काय ते समजली आणि ऊर फुटेस्तोवर रडली.

तोच खिडकीत खंड्या पक्षी येऊन बसला.

"राजा, तू नगारे बडवलेस तेव्हा किनाऱ्यालगत देवमाशीण बाळंत होत होती. तुझा दणदणाट तिच्या पिल्लाच्या कानात बसला. ते आईची हाक ओळखत नाही, दूध घेत नाही. तिनं शाप दिलाय, माझं लेकरू जसं उपाशी, तसं तुझंही."

राजाचा चेहरा उतरला. "मी जातो. पाय धरतो तिचे."

"तू गेलास तर ती नौकेसकट गिळेल तुला."

"मग आत्या कशाला असते?" मृणालवती म्हणाली. पदर खोचून ती एकटीच छोट्या होडीत बसली, आणि खंड्या बसला होडीच्या नाकावर.

खाडीच्या मुखाशी मगरीण आडवी पडली होती. तिच्या जबड्यात दातांमागे पिल्लं सुखानं बसली होती. होडी दिसताच तिनं शेपूट आपटलं आणि होडी गरगरली.

"आत्याबाई, बाळंतिणीला बघायला रिकाम्या हातानं जातात का?" खंड्या पुटपुटला.

मृणालवतीनं जीभ चावली. एवढी राजघराण्यातली बाई, आणि बाळंतविडा विसरली! तिनं खांद्यावरचा जरीचा शेला काढून वाळूवर अंथरला. "मगरीणबाई, पिल्लांना निजायला घ्या."

मगरिणीनं एकेक पिल्लू शेल्यावर उतरवलं. मग तोंड मोकळं झाल्यावर बोलली, "जा. पण देवमाशिणीजवळ वल्हं पाण्यात मारू नकोस. आवाजानं पोळली आहे ती."

पुढं कड्यावर समुद्रगरुडीचं घरटं होतं. ती नखं पसरून खाली झेपावली. मृणालवती डगमगली नाही. तिनं कट्यार काढली, गुडघ्यापर्यंत पोचणारी आपली वेणी मानेपासून कापली आणि वर धरली. "पिल्लांना काटक्या टोचत असतील. घरट्यात अंथर."

वेणी घेऊन गरुडी वर गेली आणि तिथूनच ओरडली, "काळ्या खडकांच्या आत पिल्लू दडलंय. आई बाहेर घिरट्या घालतेय. लवकर जा बाई, आज ते फार हललेलं नाही."

हे ऐकून मृणालवतीनं वल्ह्यांचा वेग वाढवला. इथलं पिल्लू गेलं तर तिथला भाचाही जाणार होता. खडक दिसताच तिनं वल्ही आत घेतली आणि हातांनी पाणी सारत ती पुढं सरकली.

समुद्र फुगला आणि देवमाशीण वर आली. तिची शेपटी होडीवर छतासारखी उभी राहिली.

"कोण तू?"

"आत्या आहे."

"कुणाची?"

"आजपासून तुझ्या लेकराचीही."

"बाळंतविडा?"

मृणालवतीच्या हातात काही उरलं नव्हतं. शेला गेला, केस गेले. होतं ते फक्त भाच्यासाठी जपलेलं नाव. खंड्या घाबरला. "आत्याबाई, आपल्या राज्याचा नियम आठवा! एका बाळाच्या कानात पडलेलं नाव दुसऱ्याला देता येत नाही. मग राजपुत्राला काय?"

"आधी पोरं जगू देत, मग नावाचं बघू," मृणालवती म्हणाली आणि तिनं पाण्यात उडी घेतली.

खडकांच्या सावलीत पिल्लू मलूल पडलं होतं. तिनं त्याला कवेत घेतलं आणि कानाशी ओठ नेले. "कुर्रर्र... नीलध्वज."

हळुवार शब्द आत गेला आणि कोंडलेला दणदणाट बुडबुडे होऊन बाहेर आला. बाहेरून आईनं हाक घातली, "नीलध्वजा!" पिल्लू वळलं, खडकांतून सुळकन निसटलं आणि आईच्या पोटाशी लागून चुरूचुरू पिऊ लागलं. मृणालवती भर समुद्रात ढसाढसा रडली. तेवढ्यात देवमाशिणीची शेपटी अलगद तिच्या पाठीत बसली. बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते तिनं घातले.

"उपाशी भाच्याचं नाव माझ्या लेकराला दिलंस," देवमाशीण म्हणाली. "एका नावाची दोन लेकरं असली तर माझी ना नाही. शाप फिटला."

मृणालवती परतली तेव्हा राजपुत्र आईच्या कुशीत दूध पीत होता. आनंदानं राजानं नगाऱ्याची टिपरी उचलली. बहिणीनं ती काढून घेतली आणि असं काही बघितलं, की पुढं त्या राज्यात पिल्लांच्या दिवसांत किनाऱ्यावर कुणी जोरात शिंकायचंही धाडस केलं नाही. राजा मात्र दरवर्षी अनवाणी बाळंतविडा घेऊन समुद्रावर जाई.

आणि राणी तिन्हीसांजेला सज्जातून हाक मारी, "नीलध्वजा, घरी ये!" तेव्हा एक नीलध्वज वाळूतून धावत येई, आणि दुसरा लाटांतून.