तुळसाच्या वेलाची पिवळी धूळ

एकदा काय झालं, सकाळी इतकं धुकं पडलं, इतकं पडलं, की येसबा म्हाताऱ्याला दारातला भोपळ्याचा वेलही धड दिसेना.

वेल त्याच्या बायकोचा, तुळसाचा. देवाघरी जाण्याआधी तिनं घरातलं शेवटचं बी पुरलं होतं. भोपळा धरला तर तुळसाचं बियाणं राहणार, नाहीतर संपलं.

आता भोपळ्याला दोन तऱ्हेची फुलं येतात, बरं का. एकाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. दुसरं नुसतंच लांब देठाचं. येसबाला वाटलं, ही नुसती फुलं वांझ, वेलाचा रस खातात. म्हणून तो रोज ती खुडायचा अन् भजी तळायचा. मग काय, पहिला भोपळा पिवळा पडून गळला. मग दुसरा गळला. उरलं बुडाशी भोपळा असलेलं एकच फूल. ते त्या धुक्यात उमललं.

तिथं एक मधमाशी आली. येसबा म्हणाला, "बाई गं, माझा भोपळा का धरत नाही?"

शेजारची गिरजाबाई कुंपणावरून हसली. "भावजी, तुळसाशी जन्मात एवढं गोड बोलला नाहीत!"

पण माशी बोलली, बरं का. "बाबा, लांब देठाच्या फुलातली पिवळी धूळ मी या फुलात आणते, तेव्हा भोपळा धरतो. ती फुलं तर तू खाल्लीस."

येसबानं सारा वेल धुंडाळला, पण लांब देठाचं एकही फूल सापडेना.

माशीला दया आली. ती नदीपल्याडच्या वेलावर गेली, फुलात लोळली. केसाकेसांत धूळ. एरवी माशी पायांनी अंग विंचरते, धूळ मधात मळते, मागच्या पायांवर दोन गोळे बांधते अन् घरच्या पिल्लांना नेते. त्या दिवशी तिनं अंग विंचरलंच नाही. तशीच निघाली. धुक्यानं पंख भिजले. एकदा पडली, उठली. पुन्हा पडली, उठली. तिसऱ्यांदा पडली ती येसबाच्या फुलातच. मग उठली नाही.

दुपारी फूल मिटलं. येसबानं ते उघडलं नाही.

मग भोपळा धरला, वाढला, पिकला. अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी पुरुषानं चालवायची, अशी तिकडची रीत. दरसाल तुळसा भोपळा त्याच्यापुढं आणून ठेवायची. औंदा गिरजाबाईनं ठेवला. येसबानं सुरी धरली, पण हात काही चालेना.

पुढं त्या बियांचे वेल गावभर झाले, मोहोळं भरली, सगळी सुखात राहिली. मिटा आता डोळे. सुरी अडली होती त्या घटकेला मात्र गिरजाबाई एवढंच म्हणाली,

"कापा भावजी. रडत कापलं तरी बी उगवतं."